माणकोजीअण्णांचा डावा आरसा

माणकोजीअण्णांची मला किळस यायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लेखणी आपोआप गोड होत जाते, आणि मग त्या माणसाच्या अंगालासुद्धा चंदनाचा वास येऊ लागतो. अण्णांच्या अंगाला एरंडेल, तंबाखू, पेट्रोल आणि तीन दिवसांचं धोतर यांचा वास यायचा. चार वर्षं, रविवार सोडून, सकाळ-संध्याकाळ मी तो घेतला आहे.

साठ सालच्या आसपास मी बेळगावहून बंगळूरला मामांकडे आले आणि चामराजपेटेतल्या एका लहानशा मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. कित्येक पिढ्या तिकडेच राहिलेल्या मराठी घरांनी काढलेली ती शाळा. घरात मराठी बोलणारी ही माणसं भांडायला आणि भाजी घ्यायला कन्नडवर यायची. त्यांना माझी मराठी पुस्तकातली वाटे, मला त्यांची अर्धी समजे. शाळेला एक व्हॅन होती, लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेली. पुढून उंच नाक, आत दोन लाकडी फळ्या, आणि मागे डाव्या अंगाला दार व एक पायरी. मुली त्या पायरीवरून चढायच्या-उतरायच्या. बरोबर एका शिक्षिकेने जायचं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं, असा नियम होता. बाकीच्या शिक्षिकांना एकदम कमरेचे, मानेचे, पित्ताचे त्रास का आहेत, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

अण्णांच्या दाराला आतून तारेने एक दुधाच्या पावडरीचा डबा अडकवलेला होता. त्यात ते थुंकायचे. गाडी वळली की डबा हिंदकळायचा. डाव्या हाताच्या करंगळीचं नख त्यांनी वाढवलेलं होतं. त्या नखाने ते चुना काढायचे, त्याच नखाने कान कोरायचे, आणि कार्बुरेटरमधला कचराही त्यानेच. पेट्रोल एका डब्यातून दुसऱ्यात घ्यायचं झालं तर नळीला तोंड लावून ओढायचे आणि तोंडात आलेला घोट रस्त्यावर टाकायचे. इंजिनातलं तेल बोटावर घेऊन चक्क जिभेला लावायचे. मी तोंड फिरवलं तर समजुतीच्या सुरात म्हणाले, तेलात लोखंडाचा बारीक कीस आला का ते डोळ्यांना कळत नाही, जिभेला कळतं. मग त्याच जिभेने पान चघळू लागले. त्या दिवशी दुपारचा डबा मी न खाता परत नेला.

त्यांना बोलून काही उपयोग नव्हता. मी एकदा धीर करून म्हटलं, अण्णा, निदान मुलींसमोर तरी थुंकू नका. त्यांनी नीट ऐकून घेतलं, "सरी अक्का", म्हणजे बरं, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मुली चढायच्या आधी थुंकू लागले, तेही माझ्या बाजूच्या खिडकीतून, माझ्यापुढे वाकून. त्यांच्या मते त्यांनी माझं ऐकलं होतं.

आणि उद्धटही होते. एखादीची आई दारात यायला उशीर झाला तर तिच्या तोंडावर, "घरात कोणी मेलंय का?" असं विचारायचे. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, ते नमस्कार करायचे नाहीत, नुसती हनुवटी वर करायचे. त्यांना ठेवून घेतलं होतं ते एकाच कारणाने. ती गाडी दुसऱ्या कोणाकडून सुरूच होत नसे.

त्यांची एक सवय मात्र मला समजत नव्हती, आणि समजेपर्यंत तिचाही संतापच येई. प्रत्येक थांब्यावर मुलगी चढली किंवा उतरली की अण्णा स्वतः खाली उतरायचे. धोतर सावरत मागे जायचे, चाकांपाशी वाकून बघायचे, आत डोकं घालून बसलेल्या मुलींच्या डोक्याला एकेक बोट लावत "ओंदु, एरडु, मूरु" असं मोजायचे, आणि मग येऊन गाडी सुरू करायचे. तेच ते बोट. थांबे बारा. शाळा भरायची घंटा होऊन जायची आणि आम्ही अजून दोन थांबे मागे असायचो. त्या गाडीला आरसा एकच होता, उजव्या बाजूला, तळहाताएवढा गोल, कडेने पारा उडालेला. डावीकडे काही नव्हतं. मागच्या पायरीपाशी काय चाललंय ते ड्रायव्हरच्या जागेवरून दिसायची सोयच नव्हती. हे मला ठाऊक होतं, पण रोज उशीर झाला की मला फक्त ते बोट आणि मुलींचे नीट पाडलेले भांग दिसायचे. दोन आयांनी तक्रार केली, ड्रायव्हर मुलींच्या डोक्याला हात लावतो. खरं सांगायचं तर त्या तक्रारीने मला बरं वाटलं.

तक्रार आमच्या सेक्रेटरींपर्यंत गेली. सेक्रेटरी म्हणजे शाळेच्या कमिटीचे कर्तेधर्ते, कायम परीटघडीतले, मुलींशी बोलतानाही हात मागे बांधून उभे राहणारे. त्यांनी तोडगा काढला. एका मुलीच्या वडिलांच्या बस होत्या, त्यांनी नव्या गाडीचे दोन आरसे शाळेला भेट दिले. लांबट, चौकोनी, पाठीला चकचकीत मुलामा. आता दोन्ही बाजूंनी सगळं बसल्या जागी दिसेल, तेव्हा ड्रायव्हरने थांब्यावर उतरायचं नाही आणि मुलींना हात लावायचा नाही, असा लेखी हुकूमही त्याबरोबरच आला. तो अण्णांना मी वाचून दाखवला. त्यांनी हुकुमाकडे न बघता आरसे उलटसुलट करून बघितले.

"ह्ये आपल्या गाडीचे न्हवत," म्हणाले.

आणि नव्हतेच. नव्या गाड्यांची दारं पातळ पत्र्याची, त्यांवर बसणारे ते आरसे. आमच्या गाडीचं दार आतून लाकडाचं, वरून पत्रा, आणि चालताना ते इतकं थरथरायचं की त्यावर बसवलेल्या आरशात रस्ता न दिसता नुसता धूर दिसला असता. आरशाची भोकं एका मापाची, दाराची दुसऱ्या. सेक्रेटरी म्हणाले, दाराला चार भोकं पाडायला किती वेळ लागतो? अण्णांनी आरसे गोणपाटात गुंडाळले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. अण्णांना व्हॅन घेऊन बंगळूरच्या शिवाजीनगरला जायचं होतं, आणि शाळेची वस्तू हरवू नये म्हणून बरोबर मला पाठवलं.

शिवाजीनगरला मोडलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार होता, तिकडे त्याला गुजरी म्हणतात. अण्णा तिथे ढिगाऱ्यातून तासभर फिरले. हाताला लागेल ती वस्तू नाकाशी नेत होते. शेवटी त्यांनी दोन लांब लोखंडी सळया घेतल्या. प्रत्येक दाराच्या बिजागरीतली मूळची सळई काढून तिच्या जागी ही लांब सळई घातली. म्हणजे वर जे टोक उरलं ते दाराचं राहिलं नाही, गाडीच्या मुख्य सांगाड्याचं झालं. त्या टोकाला पट्टी वाकवून आरसा बसवला. मध्ये सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे कापून घातले, थरथर गिळायला. हे सगळं करताना त्यांच्या तोंडात मुखरस आणि खिळे एकदमच होते.

मग त्यांनी जे केलं ते बघून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. शेजारच्या चहावाल्याचं स्टूल आणि पाण्याची घागर मागून आणली. खिशातून एक गाठ मारलेला दोरा काढला. तो शांताच्या उंचीचा होता. शांता म्हणजे पहिलीतली सगळ्यांत बुटकी मुलगी. हा दोरा त्यांनी कधी घेतला मला माहीत नाही. दोऱ्याच्या गाठीशी घागरीचं तोंड येईल असं स्टूल लावून त्यांनी ती घागर गाडीमागे डाव्या कोपऱ्यात ठेवली. मग जागेवर जाऊन बसायचं, आरशात बघायचं, उतरायचं, आरसा केसभर फिरवायचा, परत बसायचं. घागर पायरीपाशी, घागर चाकापाशी, घागर चाकामागे. मी उन्हात उभी राहून कंटाळले. दुपार टळायला आली तेव्हा मला हाक मारून त्यांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. ती गादी चिकट होती.

"काय दिसतं, अक्का?"

"घागर."

"पुरी?"

"पुरी."

"सरी," म्हणाले, आणि समाधानाने इतके लांब थुंकले की चहावाला ओरडला. मी रुमाल नाकाला लावला. आदर वाटायला लागला की हा माणूस घाणेरडं काहीतरी करायचा, हे त्यांचं नेहमीचंच.

हुकुमाप्रमाणे त्यांनी उतरणं सोडलं. मनाविरुद्ध सोडलं, पण सोडलं. थांब्यावर मान डावीकडे वळवून आरशात बघत राहायचे आणि ओठांतल्या ओठांत मोजायचे. आम्ही वेळेवर पोचू लागलो. सेक्रेटरी खूष, आया खूष, मी खूष.

मग आयुधपूजा आली. बंगळूरला त्या दिवशी सुईपासून लॉरीपर्यंत सगळ्याची पूजा होते. आमच्या व्हॅनला केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. आरशांचे देणगीदार मुद्दाम आले होते. तेव्हा नव्या वस्तूचा मान आधी, म्हणून सेक्रेटरींच्या पत्नीने डाव्या आरशावर मधोमध गंधाचे पट्टे ओढून तळहाताएवढं कुंकू भरलं, आणि मोठ्या बाईंनी उजव्यावर. कुंकू तेलात कालवलेलं होतं, गळू नये म्हणून. टाळ्या झाल्या. अण्णा बाजूला उभे होते. ते माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "अक्का, डावीकडचं काय बी दिसत नाय आता."

मी म्हटलं, "राहू द्या हो दोन दिवस. देवाचं लावलेलं पुसू नये. आपोआप जाईल."

हे मी म्हटलं. गणित शिकवणाऱ्या बाईने.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा कुंकू तसंच होतं, वाळून घट्ट झालेलं. संध्याकाळी सुटताना व्हॅन शाळेच्या बोळातून मागे घ्यावी लागे. मुली चढल्या. दारात आया होत्या, सेक्रेटरींच्या पत्नी होत्या. अण्णांनी उजवा आरसा धोतराच्या सोग्याने पुसायचा प्रयत्न केला, ते तेलकट लाल नुसतं पसरलं. मग ते माझ्या बाजूला आले, डाव्या आरशासमोर उभे राहिले, आणि सगळ्यांच्या देखत त्या कुंकवावर थुंकले. पान खाऊन लाल झालेली थुंकी. सोगा गोल फिरवून खसाखसा पुसलं. पाण्याचा नळ वीस पावलांवर होता. त्यांना पाणी सुचलंच नाही, थुंकीच सुचली. आयांपैकी कुणीतरी "शिव शिव" म्हणालं आणि सेक्रेटरींच्या पत्नी रडायलाच लागल्या.

जागेवर जाऊन अण्णांनी आरशात बघितलं, आणि पुन्हा खाली उतरले. हुकूम मोडून मागे गेले. परत आले तेव्हा दंडाला धरून शांताला आणत होते. तिच्या हातातले चिंचोके सांडले होते आणि ती मागच्या चाकापाशी बसून ते वेचत होती. त्यांनी तिला उचलून आत टाकलं आणि जागेवर बसले. आरडाओरड्यात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

दुसऱ्या दिवशी कमिटीने मला प्रत्यक्ष पाहिलेलं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि त्या दिवशी भाषाही चांगली उतरली. चार वर्षांची सगळी मळमळ मी त्या दीड पानात ओतली. डबा, नख, नळी, तेलाची चव, आणि शेवटी ते कुंकू. सगळं खरं होतं. दोनच गोष्टी लिहिल्या नाहीत. दिसत नाही हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं, ही एक. आणि शांता. त्या दोन गोष्टी लिहिल्या असत्या तर बाकीचं सगळं फिकं पडलं असतं, आणि मला ते पडायला नको होतं. मला ती शेजारची जागा स्वच्छ हवी होती.

अण्णांना बोलावून ते पत्र वाचून दाखवलं. काही सांगायचंय का विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरची दऊत बघत होते. "अक्कांनी लिवलंय ते खरं हाय," एवढंच म्हणाले आणि किल्ली टेबलावर ठेवून निघून गेले.

नवा ड्रायव्हर इस्त्रीच्या खाकीत यायचा. केसाला वासाचं तेल, बोलायला गोड. दाराच्या आतला डबा गेला, गादीला खोळ आली. ती बिजागरीवरची वाकडीतिकडी पट्टी त्याला बघवेना. त्याने दोन्ही आरसे काढून दाराला भोकं पाडून नीट बसवले. दिसायला छान दिसत होते. गाडी सुरू झाली की त्यांत सगळं थरथरायचं, पण गाडी उभी असताना भांग पाडायला ते उत्तम होते. तो काही मागे बघायला उतरायचा नाही. मीही नाही.

मग बसवनगुडीच्या थांब्यावर गाडी थोडी मागे घेतली आणि काहीतरी कडाडलं. मी उडी मारून मागे गेले. शांता भिंतीला चिकटून उभी होती आणि तिचा जेवणाचा डबा चाकाखाली होता. तिला ओरखडाही नव्हता. डबा मात्र पार चपटा झाला होता, झाकण आणि डबा वेगळे काढता येईनात. तो पदरात घेऊन मी शाळेत आले आणि मोठ्या बाईंपुढे ठेवला, आणि पत्रातून गाळलेल्या दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. तेव्हापासून प्रत्येक थांब्यावर मीच उतरू लागले.

कमिटी दोनदा बसली. आयांचं मन राखायला हवं, सेक्रेटरींच्या पत्नीचंही. शेवटी ठरलं की माणकोजीरावांनी पूजेच्या अपमानाबद्दल लेखी माफी मागितली तर परत घ्यावं. माफीचा मजकूर मला लिहायला सांगितला. अक्षर चांगलं, म्हणून. अण्णा गुजरीत कामाला लागलेत असं कळलं होतं, म्हणून तो कागद घेऊन मी शिवाजीनगरला गेले.

ते एका पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर बसून गिअरचे दाते रॉकेलने धूत होते. मला बघून आश्चर्य वाटल्याचं त्यांनी दाखवलं नाही. एक खोकं पालथं घालून त्यावर फडकं मारलं आणि बसायला दिलं. मी सगळं सांगितलं. माझ्या पत्रात काय नव्हतं, तेही. त्यांनी त्यातलं एकच धरलं.

"पोरीला लागलं?"

"नाही. डबा गेला."

"आरसे दाराला लावले म्हणता."

"हो."

त्यांनी खालच्या आवाजात एक कन्नड शिवी दिली. मग कागद वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचला. त्यांनी पुन्हा शिवी दिली, पण हसून. त्यांना ती नोकरी हवी होती. त्या शेडचा मालक त्यांच्या निम्म्या वयाचा होता आणि त्यांना अरे-तुरे करत होता, ते मी तेवढ्या वेळात दोनदा ऐकलं. सही कन्नडमध्ये करू की मराठीत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कशातही. माझं पेन त्यांच्या हातात दिलं.

"स्वल्प थांबा," म्हणाले. "आधी च्या घ्या."

स्वतः उठून गेले आणि दोन ग्लास घेऊन आले. दोन्ही एकाच हातात, बोटं आत बुडवून, आणेपर्यंत सांडू नये म्हणून. बोटांवर गिअरचं काळं होतं. माझ्या ग्लासच्या काठाला तसाच अंगठ्याचा ठसा, आणि चहावर तेलाचा बारीक तवंग. मी ग्लास हातात घेतला. त्यांनी मांडीवर कागद पसरला, वाकून एक अक्षर काढलं. मी ग्लास ओठांपर्यंत नेला. मनात म्हटलं, डोळे मिटून एक घोट. नाही झालं. ग्लास मी खाली गुडघ्यावर धरून बसले, जसं काही निवायची वाट बघतेय.

अण्णांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, ग्लासकडे. चहावर साय धरायला लागली होती. मग त्यांनी पेनला टोपण लावलं, रॉकेलच्या फडक्याने ते पेन नीट पुसलं आणि कागदाबरोबर माझ्या हातात दिलं.

"राहू दे अक्का," म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमाला रोज बाजूला बसायचं हाय."

ते थांबले. मी काही बोलते का याची वाट बघत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. "चालेल अण्णा" एवढं म्हणायचं होतं. शेजारी ट्रकचं चाक ठोकत होते, त्याचे सात-आठ ठोके झाले. मी ते मोजले. त्यांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, माझा चहा आपल्या ग्लासात ओतला, पिऊन टाकला, आणि माझ्याकडे पाठ करून पुन्हा दाते धुवायला बसले. त्यांची मला शेवटची दिसली ती ही पाठ. बनियनला डाव्या खांद्यापाशी भोक होतं.

शाळेत जाऊन मी सांगितलं, सही करायला ते तयार नाहीत. मोठ्या बाई म्हणाल्या, असल्या माणसांना ताठाच फार असतो. मी मान हलवली.